थोरले, मधला आणि धाकटा

डॅक हा असा माणूस आहे, की त्याची ओळख करून द्यावी लागते. स्पीकरची द्यावी लागत नाही. ते दोघं भिंतीला पाठ लावून उभे असतात आणि घरात शिरणारा आधी त्यांच्याकडेच बघतो. अ‍ॅम्प्लिफायरला निदान एक भलंमोठं बटण असतं, ते फिरवायचा मोह लहान पोरांना होतोच. डॅक मात्र त्यांच्या मागं, वायरींच्या जंजाळात बसलेला. आलेल्या पाहुण्यानं "हे काय, इंटरनेटचं का?" असं विचारलं की त्याचं तोंड उतरतं.

पूर्ण नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. त्या नावानं त्याला खोक्यावरच हाक मारतात, घरात सगळे डॅकच म्हणतात. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या या घरात ते तिघं आहेत. थोरले, मधला आणि धाकटा. भाऊ म्हणायचे, पण एका आईचे नव्हेत. एकाचं घराणं हॉलंडचं, दुसरा चीनमधून खोक्यात बसून आलेला, तिसऱ्याच्या खोक्यावर कॅलिफोर्नियाचं नाव. तिघांचं काम एकच, आणि बाकीचे दोघं ते काम बिघडवतात अशी तिघांचीही पक्की खात्री.

काम तसं पाटकऱ्याचं आहे. सीडीत किंवा फोनमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. एका कानासाठी सेकंदाला ४४,१००. दोन कानांचे मिळून ८८,२००. प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठली तरी एक पायरी सांगतो. डॅकनं आकडा उचलायचा, त्या मापाचा विजेचा दाब तारेवर सोडायचा, की लगेच पुढचा आकडा. चुकायचं नाही, रेंगाळायचं नाही, आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हे शेवटचं कलम त्याच्या फार जिव्हारी लागतं. पदरचं काही घालायचंच नाही, तर लोकांनी आपलं कौतुक कशाचं करायचं?

४४,१०० हा आडनिडा आकडा कुठून आला, ही त्याच्या घराण्याची आवडती कथा. सुरुवातीच्या काळात इतके आकडे साठवायला व्हिडिओ टेपइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. जपान-अमेरिकेच्या टीव्हीच्या पद्धतीत टेपवर २४५ ओळी गुणिले ६० गुणिले ३. युरोपातल्या, म्हणजे पुढं आपल्या दूरदर्शननंही उचललेल्या पद्धतीत २९४ गुणिले ५० गुणिले ३. दोन्ही गुणाकार करून बघा, उत्तर एकच येतं. दोन सोयरिकींत कुंडली जुळावी तसा हा आकडा जुळला आणि कायमचा गळ्यात पडला.

डॅकवर एक जुना आळ आहे, तोही सांगून टाकतो. आकड्यांच्या पायऱ्या असतात म्हणून आवाजालाही पायऱ्या पडतात, असं म्हणतात. जाहिरातींत तशी जिन्याची चित्रंही छापतात. पायऱ्या पडतात त्या आतल्या आत. दारातून बाहेर पडायच्या आधी एक फिल्टर त्या घासून साफ करतो. सेकंदाला जितके आकडे, त्याच्या निम्म्याहून कमी कंपनांचा सूर जसाच्या तसा परत मिळतो, हे क्लॉड शॅननचं १९४९ सालचं गणित आहे. म्हणजे सीडीतून २२ हजार कंपनांपर्यंत काही हरवत नाही. चांगला तरुण कान वीस हजारांपर्यंत जातो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चौदा हजारांच्या पुढचं विचारू नये, तो चिडतो.

आता एकेकाला भेटा.

थोरल्यांना अहोजाहोच करावं लागतं. फिलिप्सच्या एका जुन्या सीडी प्लेअरच्या पोटात त्यांचा मुक्काम. चिपचं नाव टीडीए १५४१ए, घराणं आइंडहोवनचं. वडलांची, म्हणजे टीडीए १५४०ची गोष्ट ते न विचारता ऐकवतात. सीडीचे नियम ठरवायला सोनी आणि फिलिप्स समोरासमोर बसल्या, तेव्हा फिलिप्सच्या हाताशी चौदा बिटांचा डॅक तयार होता. सोनी सोळा बिटांवर, म्हणजे मघाच्या त्या ६५,५३६ पायऱ्यांवर अडून बसली, आणि सोळाच ठरले. आता घरात माणूस चौदा आण्यांचा, आणि रुपया मोजून द्यायचाय. फिलिप्सच्या लोकांनी त्याला चौपट वेगानं पळवलं. दोन आकड्यांच्या मध्ये हिशेबानं काढलेले आणखी आकडे भरले, उरलेली चूक कानाला ऐकूच येणार नाही अशा उंच पट्टीत ढकलून दिली, आणि चौदा आण्यांत सोळा आणे काम करून घेतलं. असली काटकसर बघून आपल्याकडच्या एखाद्या कारकुनानं डच लोकांना जावई करून घेतलं असतं.

सोनीचा पहिला प्लेअर, सीडीपी-१०१, जपानात १ ऑक्टोबर १९८२ला विकायला आला. किंमत १,६८,००० येन. बिट सोळा, त्यात खोट नाही, पण आत डॅक एकच. तो आधी एका कानाशी बोलायचा, मग दुसऱ्या कानाशी. मध्ये साधारण ११ मायक्रोसेकंदांचा उशीर. माणसाला तो कळणंही अवघड, पण थोरल्यांना भाऊबंदकीत इतकं पुरतं. "आमच्याकडं पहिल्यापासून कानागणिक एक," असं त्यांचं म्हणणं. त्याच साली आपल्याकडं दूरदर्शन रंगीत झालं होतं. सीडी मात्र आपल्या खेड्यांत यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली, आणि आली ती सिनेमाची व्हीसीडी होऊन.

थोरल्यांचं दुखणं एकच, मुकुट. कारखान्यात तपासणी करताना त्यांच्या जातीतल्या ज्या चिपा जास्त अचूक भरल्या, त्यांच्या डोक्यावर चक्क मुकुट छापला जायचा. आता या चिपा बनणं कधीचंच थांबलंय, शौकीन मात्र मुकुटवाल्या चिपा शोधत जगभर फिरतात. चिप मिळत नसली तरी मुकुट छापायची शाई मिळतेच, त्यामुळं बाजारात तोतये पुष्कळ. आमच्या थोरल्यांच्या डोक्यावर मुकुट नाही. निदान तोतया नाही, अशी समजूत घालावी लागते.

स्वभावानं हट्टी. सीडी सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. फोन, पेनड्राइव्ह, लॅपटॉप ही मंडळी त्यांच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत. ट्रे बाहेर यायला आधी विचार करतो, मग कण्हतो, मग कधी कधी थोपटल्यावर येतो. घरी भरलेली सीडी दिली तर नाक मुरडतात. पावसाळ्यात भिंगावर ओल धरते, आणि भीमसेन जोशींची तान समेवर उतरायच्या आत हे महाराज पुढच्या आवर्तनात उडी मारून मोकळे.

अशा वेळी त्यांना टॉवेलात गुंडाळून मुंबईला न्यावं लागतं. एसटीनं शहापूर, आसनगावहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुट्या चिपा आणि कॅपॅसिटर मागायला येणारा माणूस त्या नावानं पत्ता विचारत नाही. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, चष्मा चढवला, चिपवरचा नंबर वाचला आणि कोपऱ्यातला चहाचा पेला उचलून लांब ठेवला. हा मान फक्त थोरल्यांनाच मिळतो. कॅपॅसिटर सुकले होते, ट्रेचा पट्टा सैल पडला होता. दोन्ही बदललं. घरी आल्यावर आवाज "पूर्वीसारखा भरदार" झाल्याचं सगळ्यांनी एकमतानं जाहीर केलं. पट्टा बदलल्यानं आवाज कसा भरतो, हे विचारण्याइतकं कुणी वाईट नव्हतं.

मधला त्यांच्या अगदी उलट. तळहातावर मावेल एवढी काळी डबी, पुढं निळा पडदा, आणि पडद्यावर आकडा. सेकंदाला ७,६८,००० आकडे वाचायची आपली ताकद आहे, हे तो खोक्यावर, पुस्तिकेत आणि पाठीवर, तीन ठिकाणी लिहून आणतो. घरातली सगळी गाणी ४४,१०० वाली. त्यामुळं त्याच्या निळ्या पडद्यावर जन्मभर ४४.१ एवढंच झळकतं. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला तर ४८. पैलवानानं तालमीत रोज टाळ्या वाजवून घरी जावं, असं त्याचं आयुष्य चाललंय.

त्याच्या पोटात सात फिल्टर आहेत, बटणानं बदलता येतात. एक तीव्र, एक मंद, एक आणखी काही. बदलले की पडद्यावर नाव बदलतं. आणखी काय बदलतं, यावर घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतं एकाच माणसाची, फक्त वेगवेगळ्या संध्याकाळची.

हाय-फायच्या दुनियेत मधल्यांची दोन मोठी घराणी. जपानचं एकेएम आणि अमेरिकेचं ईएसएस. एकेएमवाले आपल्या चिपांची जाहिरात मखमल म्हणून करतात, ईएसएसवाल्यांनी आपल्या चिपांना तलवारीचं नाव दिलंय. शौकिनांच्या गप्पा ऐका: एकेएमचा आवाज मऊ, ईएसएसचा धारदार. चिपांनी काही गायच्या आधीच जाहिरातवाल्यांनी राग लावून दिला होता! २० ऑक्टोबर २०२०ला जपानात नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली. मखमल दुर्मिळ झाली, भाव चढले आणि कितीतरी कंपन्यांनी आपल्या डब्यांत मुकाट्यानं तलवार बसवली. आमचा मधला या आगीनंतर जन्मलेला, म्हणून तलवारीचा. तो मऊच गातो. पण हे त्याच्यासमोर बोलायचं नाही.

त्याला वीज मात्र फार निवडून लागते. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असला की मधला गाण्याच्या खालून गुणगुणायला लागतो. तंबोऱ्याच्या खाली एक वेगळाच तंबोरा, ५० हर्ट्झचा. त्याला बिचाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. लॅपटॉपच्या चार्जरमधून एक अर्थिंग, अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनांतून दुसरं, आणि मधला दोन्हींच्या मध्ये. या वाटोळ्या रस्त्यात घरभरच्या विजेची घरघर फिरत राहते. वायरमन आला, त्यानं डॅककडं बघितलंसुद्धा नाही. सरळ परसात जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला. कोळसा-मीठ जुनं झालेलं, माती भेगाळलेली. "पाणी घालत जा बादलीभर," म्हणाला आणि गेला.

पाणी घालायचं, ते मे महिन्यात आणि तेही शहापूर तालुक्यात! भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी या तालुक्यातून मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या गावपाड्यांत टँकरची वाट बघतात. हंड्याहंड्यानं आणलेलं पाणी अर्थिंगला पाजायचं, तर घरातल्या बायका काय म्हणतील ते सांगायला नको. तोड शेवटी भांडी घासण्याच्या जागेनं काढली. खरकटं पाणी त्या खड्ड्याकडं वळवलं. त्यानं अर्थिंग सुधारलं, घरघर काही पुरती गेली नाही. पुरती गेली ती लॅपटॉप आणि मधला यांच्यात तांब्याच्या तारेऐवजी उजेडाची तार टाकली तेव्हा. लॅपटॉपला लावलेल्या एका छोट्या डबीतून आकडे आता लाल प्रकाशात जातात, आणि प्रकाशाला अर्थिंग लागत नाही. मधल्याला हा आपला सन्मान वाटला. पुढचे कित्येक दिवस तो त्या लाल टोकाकडं बघा म्हणून सुचवत होता.

वीज त्याला निवडून लागते आणि डोळखांबला मिळते ती जशी येईल तशी. याच रस्त्यानं पुढं चोंढ्याकडं गेलं, की घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. पाणी घाटमाथ्यावर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची. एवढं सगळं शेजारी असूनही पहिल्या वळवाच्या पावसात लाइट जाते. मग मधला सगळ्यांत आधी डोळे मिटतो. थोरल्यांचा ट्रे अर्धा बाहेर अडकतो. वाजत राहतो तो एकटा धाकटा.

धाकट्याला डॅक म्हटलं तर लोक हसतात. तो म्हणजे वीतभराच्याही आतली एक पांढरी वायर. एका टोकाला फोनमध्ये जाणारी पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. अ‍ॅपलनं फोनमधून हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि ते वेगळं विकायला काढलं, अमेरिकेत ९ डॉलरला. आता ही वायर आहे असं सगळे समजतात. पण फोनमधून बाहेर येतात ते आकडे, आणि हेडफोनला लागतो विजेचा दाब. म्हणजे त्या पिनेच्या कुठल्या तरी कोपऱ्यात अख्खा डॅक, त्याचा फिल्टर आणि हेडफोनपुरता अ‍ॅम्प्लिफायर दाटीवाटीनं राहतोय. यंत्रं लावून मोजणाऱ्यांनी त्याला तपासलं, तर गोंगाट आणि विकृती गाण्याच्या जवळपास शंभर डेसिबल खाली निघाली. ही बातमी मधल्याच्या घराण्यानं दडपायचा फार प्रयत्न केला असणार.

धाकट्याला गर्व कसला तो नाही. तो खिशात चुरगळतो, भाताच्या पेंढ्यात हरवतो, एकदा कपड्यांबरोबर धुऊनही निघालाय आणि वाळल्यावर पुन्हा गायलाय. खोड एकच. परक्या फोनला लावलं की लाजतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर त्याचा आवाज निम्म्यावर अडकतो, कारण त्याच्या आतलं आवाजाचं बटण ते फोन पुरतं वर नेतच नाहीत. युरोपात विकला जाणारा त्याचा जुळा भाऊ तर मुळातच हळू बोलतो, कानांच्या काळजीपोटी तिथं तसा नियम आहे. हळू बोलणाऱ्याला जगात कोण विचारतो, हे पुढं दिसेलच.

तिघांना समोरासमोर बसवून एकदाचा निकाल लावायचं ठरलं. शाळेतले एक मास्तर, वायरमन, इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि घरातली आजी असं पंचमंडळ. गाणं किशोरी आमोणकरांचा भूप. थोरल्यांना सीडी, बाकीच्यांना त्याच सीडीवरून उतरवलेले आकडे. जुन्या ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याची जवारी स्पष्ट आहे, त्यामुळं परीक्षा कडक.

पहिल्या फेरीत मधला जिंकला. मास्तरांना त्याच्यात "जास्त मोकळेपणा" दिसला, भाच्याला "तपशील". धाकटा सपाटून हरला, "जीव नाही" म्हणाले. वायरमन मात्र गप्प होता. त्यानं खिशातून मल्टिमीटर काढला, गाण्याऐवजी ४०० हर्ट्झचा एक सूर लावायला सांगितला आणि तिघांच्या तारांवर टोकं टेकवली. थोरले २ व्होल्ट. मधला २.२. धाकटा जेमतेम १.

सगळी मेख इथंच होती. धाकटा निम्म्या दाबानं, म्हणजे ६ डेसिबल हळू गात होता. आणि मधला थोरल्यांपेक्षा एक डेसिबलही मोठा नव्हता. हीच खरी लबाडी. एवढासा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. आवाज चढवून सभा जिंकणारे पुढारी निदान माइक हातात धरतात. हा पठ्ठ्या कारखान्यातूनच चढवून आला होता.

मग तिघांना एका पातळीवर आणलं, एक टक्क्याच्या आत. पुढं चादर टांगली. कोण गातंय ते भाच्यानं आडोशाला राहून ठरवायचं आणि कुणाला सांगायचं नाही. झालं, पंचांची तारांबळ उडाली. मघाचा मोकळेपणा कधी थोरल्यांकडं जायचा, कधी धाकट्याकडं. मास्तरांनी एकदा ठामपणे सांगितलं, हा मधलाच. निघाली ती पांढरी वायर. थोरले तेवढे प्रत्येक वेळी ओळखू आले, कारण गाण्याआधी त्यांचा ट्रे कण्हायचा. आजी शांतपणे तांदूळ निवडत होती. शेवटी तिनं विचारलं, "तिन्ही वेळा गाणारी बाई एकच आहे ना? मग भांडण कशाचं?"

आजीला माहीत नव्हतं, पण बॉस्टनमध्ये हा खटला रीतसर चालला होता. मेयर आणि मोरान या दोघांनी उंची ध्वनिमुद्रणं घेतली आणि मध्येच आवाजाचे सोळा बिटांचे साधे आकडे करून पुन्हा आवाज करणारी पेटी घातली. पेटी आहे की नाही, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे शंभरात ४९.८. छापा-काटा केला असता तरी सरासरीनं एक उत्तर जास्तच बरोबर आलं असतं. निबंध २००७ साली ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आला आणि शौकिनांनी तो अजून माफ केलेला नाही.

म्हणून सगळे डॅक सारखेच, असं म्हणून मोकळं होऊ नका. फरक असतात. कुणी जाणूनबुजून दोन आकड्यांमध्ये आकडे भरायचा, पळवापळवीचा हिशेब काढून टाकतो. अशा डॅकचा वरचा सूर वीस हजारांपाशी ३ डेसिबलनं खाली येतो, दहा हजारांपाशी पाऊण डेसिबलनं. त्यालाच लोक ‘जुन्या काळचा गोडवा’ म्हणतात. कुणाचा चार्जर स्वस्तातला, तो गाण्यात किरकिर मिसळतो. ही दुखणी खरी, ऐकू येणारी आणि मोजता येणारी. पण तब्येत ठणठणीत असलेला डॅक ओळखायची खूण एकच: तो खोलीत आहे हे कळत नाही. इतक्या मानी प्राण्याला याहून वाईट शिक्षा कुणी दिली नसेल.

तिघंही ज्याच्याशी नातं सांगत नाहीत, असा एक चौथा गावोगाव आहे. देवळातल्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढच्या बाजूला पेनड्राइव्ह खुपसायची खाच असते, तिच्यामागच्या नखाएवढ्या चिपेत तो राहतो. रेडिओ, एमपी३, ब्लूटूथ सगळं त्याच एका खोलीत, भाडेकरू ठेवल्यासारखं. पुढं कर्णा, तो अगदी खालचे सूर गिळतो, अगदी वरचे विसरतो. याला मुकुट नाही, तलवार नाही, निळा पडदा असला तर त्यातली अर्धी अक्षरं मेलेली. पण सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीपर्यंत उभं गाव ऐकतं ते यालाच. आणि तोंडाळपणात त्याचा हात कुणी धरणार नाही. हरिपाठ संपून क्षणभर सगळं निवांत झालं, टाळ खाली ठेवले गेले, की कुणाच्या तरी खिशातला फोन जोडला जातो आणि कर्ण्यातून एक बाई खणखणीत इंग्रजीत ओरडते, "ब्लूटूथ मोड!" वारकरी दचकत नाहीत आता. एक म्हातारे बुवा तर तिलाही हात जोडतात.

मधल्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, की त्याच्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आवाजात १२० डेसिबलचं अंतर आहे. डोळखांबच्या रात्री, पौषात, कुत्री झोपलेली असताना खोलीत ३० डेसिबल तरी गलबला असतोच. म्हणजे त्याचा सगळ्यांत बारीक आवाज नुसता ऐकू यायलाही मोठा आवाज १५० डेसिबलवर न्यावा लागेल, आणि त्यानंतर ऐकायला कान उरणार नाहीत. जुन्या टेपवरच्या गाण्यांत तर साठ-सत्तर डेसिबलच्या वर काही नसतंच. आषाढात पत्र्यावर पाऊस सुरू झाला, ओढ्याकाठचे बेडूक आणि रातकिडे लागले, की मधल्याचे १२० काय आणि सीडीचे ९६ काय. तेव्हा तिघंही भाऊ एका पातळीवर येतात, त्याला मल्टिमीटर लागत नाही.

खोलीचा मुद्दा राहिलाच. खोलीला गुळगुळीत फरशी, वर पत्रा, चार नागड्या भिंती. टाळी वाजवली तर ती तुम्हाला परत भेटायला येते. खालचा एखादा सूर कोपऱ्यात दहा डेसिबलनं फुगतो, दुसरा गायब. डॅकमध्ये जो फरक शोधायला चादर टांगावी लागली, त्याच्या शेकडोपट मोठा फरक खुर्ची दोन हात सरकवल्यावर पडतो. हे मधल्याला माहीत आहे. म्हणून तो खोलीबद्दल कधीच बोलत नाही.

आणि दरवर्षी दिवाळी उलटल्यावर एक चमत्कार होतो. भात झोडून, वाळवून पोती घरात येतात. जागा कुठं असते? मागच्या भिंतीला, स्पीकरच्या समोर, छतापर्यंत थप्पी. त्या आठवड्यात तिघांचेही गळे सुधारतात. तबल्याचा बायाँ घुमायचा थांबून बोलायला लागतो, शब्द सुटे होतात, किशोरीताईंचा षड्ज भिंतीवर न आपटता समोर उभा राहतो. ज्याची पाळी असेल तो डॅक श्रेय घेऊन मोकळा. एका वर्षी मधला नुकताच आलेला होता. पंधरा दिवस घरात त्याच्याच नावाचा जप चालला होता, पोत्यांचं नाव कुणी काढलं नाही.

मग एकेक पोतं गिरणीवर जातं, काही विकली जातात, काही मुंबईच्या नातेवाइकांच्या डिकीत चढतात. होळीपर्यंत भिंत पुन्हा उघडी. गाणं पुन्हा घुमायला लागतं, शब्द चिकटतात, थोरल्यांचे कॅपॅसिटर परत सुकलेत की काय अशी कुजबुज होते. मधल्याचे सातही फिल्टर उलटसुलट फिरवून होतात. आणि रात्री जेवणं झाल्यावर, फोनच्या उजेडात, मुकुटवाल्या एका डॅकच्या जाहिरातीवर कुणाचा तरी अंगठा रेंगाळतो.